पलंगाची मोजणी

सीमेच्या दगडापासून अठराशे फूट. अंगण.

मोजणीदार ऑर्विनने दोरी ताणली आणि मार्लिसच्या पायरीवर खडूने दोन काउंट्यांमधल्या सीमेची रेघ ओढली. "स्वयंपाकघरातून जाणार."

"जाऊ दे. बूट मात्र काढा," मार्लिस म्हणाली.

ड्वेननेही काढले. तक्रार त्याचीच होती. मार्लिसचं घर शेजारच्या काउंटीत पडतं, तेव्हा हॉलम काउंटीच्या कारभारी बोर्डावर ती बसूच शकत नाही. बोर्डावर माणसं तीन, त्यातला एक ड्वेन. तिचं मत गेलं की गावातली एकुलती रुग्णवाहिका चाळीस मैलांवर, काउंटीच्या कचेरीच्या गावी हलणार.

नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा आर्लो रुग्णवाहिकेची वाट बघत गेला. त्याच वर्षी ती निवडून आली आणि भांडून गाडी गावात आणली.

अठराशे बावीस. रेघ शेगडी आणि टेबलाच्या मधून.

"शेगडी त्यांची, टेबल आपलं," ऑर्विन म्हणाला.

"म्हणजे इतकी वर्षं परकं अन्न खातेस तू," ड्वेन म्हणाला.

"तूही खाल्लंयस. दोनदा वाढून घेऊन."

कायदा साधा होता. घर दोन काउंट्यांत पडलं, तर माणूस झोपतो तिथला.

अठराशे चाळीस. बैठकीची खोली. खडूची रेघ जमिनीच्या मधून.

ड्वेनचे गुडघे धरले होते. तो खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसला. पाठीखालची गोधडी काढून मांडीवर घेतली, खिडकीतला चष्मा सरकवून तिथे कॉफी ठेवली.

"तू आत्ता शेजारच्या काउंटीत बसलायस," ऑर्विन म्हणाला.

"खुर्ची झकास आहे पण. बसलं की उठवत नाही."

"माहितीये," मार्लिस म्हणाली.

अठराशे पंचावन्न. झोपायची खोली.

पलंगावर पांढरी चादर. एक सुरकुती नाही. ऑर्विनने फीत लावली, दोनदा वाचली.

"रेषेपासून चार फूट आत. अख्खा पलंग हॉलमचा."

त्याने कागदावर सही केली. ड्वेनलाही करावी लागली. बाहेर ताटकळलेल्या गावाने ट्रकचे भोंगे वाजवले. रुग्णवाहिकेचा सायरन तर थांबेचना.

ड्वेनने हात पुढे केला. "हरलो बाई. झोप आता निवांत."

"झोपेन."

गाड्या गेल्या. धूळ बसली. मार्लिसने बाह्या सारल्या, खिडकीजवळ गेली, आणि आर्लो गेल्यापासून गेली नऊ वर्षं रोज रात्री जिच्यात झोपत आली होती ती आरामखुर्ची गोधडी-चष्म्यासकट ढकलत खडूच्या रेघेवरून हॉलम काउंटीत घेतली.