सोबतीचं माणूस

एलियाम्मा टीचरांचे हात गार पडले होते. थ्रेस्यामाने ते आपल्या हातांत धरून चोळले, पण ऊब काही येईना.

सकाळी मुतखड्यासाठी आलेल्या टीचरांना खालच्या मजल्यावरून वॉर्डात हलवलं, तेव्हा ट्रॉलीच्या मागोमाग थ्रेस्यामाही आली होती. हातात पेजेचा डबा आणि जिऱ्याच्या पाण्याचा थर्मास. इथे रोग्याबरोबर सोबतीचं माणूस नसलं की नर्सेसच्या कपाळावर आठ्या पडतात. जिन्सी सिस्टरने सोबतीला कोण म्हणून विचारलं, थ्रेस्यामाने मान डोलावली.

“थोरली बहीण ना?” सिस्टर हसली होती. “नाकावरूनच ओळखलं मी.”

आणखी कोणी येणार आहे का, असंही तिने विचारलं. थ्रेस्यामाने सांगितलं, दुसरं कोणी नाही.

आता टीचरांचा श्वास भरभर चालला होता, धाप लागल्यासारखा. लघवीच्या पिशवीत सकाळपासून जेमतेम कपभर जमलं होतं, तेही गढूळ. थ्रेस्यामाचा नवरा औसेप्प याच इस्पितळात वारला, तेव्हा सुरुवात अशीच झाली होती. आधी हुडहुडी, मग गार हात. मग तो असंबद्ध बोलायला लागला आणि हिला वाटलं, तापात बरळतोय, झोपला की बरं वाटेल. डॉक्टरांना उगाच कशाला त्रास द्यायचा म्हणून ती मूग गिळून बसली. नंतर डॉक्टर म्हणाले होते, बरळायला लागले तेव्हाच का नाही सांगितलंत? त्या प्रश्नाने तिची पाठ अजून सोडली नव्हती. घरी गेली की रिकाम्या घरात तोच प्रश्न तिची वाट बघत बसलेला असे.

ती उठून सिस्टरकडे गेली.

जिन्सीने येऊन ताप पाहिला. ताप नव्हता, उलट अंग नेहमीपेक्षा थंडच होतं. रक्तदाब थोडा खाली होता, पण म्हाताऱ्या माणसाचा असतो कधीकधी. थकल्यात, झोपू द्या, असं ती म्हणाली. थ्रेस्यामा जागची हलली नाही. तिचं तोंड बघून सिस्टरने नाइलाजाने डॉक्टर शहानाला फोन लावला, आणि दोन वाक्यं बोलून झाल्यावर फोनवर हात ठेवून म्हातारीकडे वळली.

“अम्मच्ची, डॉक्टर विचारतायत, त्या नीट बोलतात ना? माणसं ओळखतात?”

थ्रेस्यामाने एकदा खाटेकडे पाहिलं.

“काल मला नावाने हाक मारत होती,” ती म्हणाली. “आज विचारते, तुम्ही कोण.”

डॉक्टर शहाना जेवणाचा डबा उघडा टाकून धावत आली. तिने टीचरांचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं बोट पुन्हा लाल व्हायला फार वेळ लागला. मग सगळ्यांची एकच धावपळ उडाली. रक्त तपासणीला गेलं, त्याच्या पाठोपाठ जंतूंवरचं इंजेक्शन शिरेत गेलं, दोन्ही हातांना सलाईन लागलं. खड्याच्या वर अडकलेल्या लघवीत जंतू माजले होते आणि त्यांचं विष रक्तात पसरलं होतं. सलाईनच्या बाटल्या रिकाम्या झाल्या तरी रक्तदाब वर येईना. तेव्हा टीचरांना अतिदक्षता विभागात नेलं, रक्तदाब चढवायचं औषध सुरू केलं आणि मूत्रपिंडात नळी घालून तुंबलेली घाण बाहेर काढली.

थ्रेस्यामा दाराबाहेरच्या बाकावर बसली. बाकीच्या रोग्यांची माणसं घोळक्याने यायची, रडायची, एकमेकांना चहा पाजायची. तिला चहा विचारणारं कोणी नव्हतं. रोज सकाळी ती घरून ताजी पेज आणि मुगाची उसळ घेऊन यायची, आणि संध्याकाळी तीच पेज घरी नेऊन एकटी खायची. देवा, हिला नेऊ नकोस, एवढंच ती म्हणत राहायची.

एके दिवशी डॉक्टर शहाना बाहेर आली ती हसतच.

“तुमच्यामुळे वाचल्या त्या. ओळखत नाही म्हणालात, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. नाहीतर मी आधी जेवून आले असते. आत आम्ही त्यांना रोज सांगतो, बहीण बाहेर बसलीय म्हणून.”

थ्रेस्यामाला आनंद झाला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. डॉक्टर सांगत होती, अशा आजारानंतर डोकं काही दिवस धूसर राहतं, चटकन ओळख पटली नाही तर मनाला लावून घेऊ नका. थ्रेस्यामा नुसती हूं हूं करत होती. टीचरांना वॉर्डात परत आणलं, तेव्हा ती दारापाशीच घुटमळली. परत फिरावं असं फार वाटत होतं, पण पाय निघेना.

जिन्सीने हाताला धरून तिला खाटेजवळ आणलं.

“टीचर, ह्या कोण, सांगा बघू?”

टीचर खंगल्या होत्या, पण नजर शाळेतल्यासारखी कडक होती. त्यांनी चष्मा मागून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि थ्रेस्यामाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. थ्रेस्यामाने मान खाली घातली.

“हे काय विचारणं झालं?” टीचर म्हणाल्या. “माझी थोरली बहीण.”

जिन्सीचा चेहरा खुलला. डॉक्टरांना सांगून येते म्हणत ती लगबगीने निघून गेली.

टीचरांनी तिच्या चपलांचा आवाज दूर जाऊ दिला. मग त्यांनी खाटेच्या कडेला हाताने जागा केली.

“मी आईबापांची एकुलती एक,” त्या हळूच म्हणाल्या. “बसा. आणि आता तुमचं नाव सांगा.”