कप्पी

आज कप्पी वाजली नव्हती, त्यामुळे सदानंदची सकाळ झाली नव्हती.

ऊन खिडकीतून आत येऊन पांघरुणावर पसरलं होतं, स्वयंपाकघरातून पेजेचा वास येत होता. पण दगडी गडग्यापलीकडच्या विहिरीत आनंदीवयनी कळशी सोडायची, कप्पी कुरकुरायची, आणि मगच याचा दिवस उजाडायचा. वयनी त्याच्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून ती देवाच्या अंघोळीचं पाणी विहिरीतूनच काढी. बाकी सगळ्याला नळ होता. देवाला मात्र नळाचं पाणी चालत नाही, असं तिचं म्हणणं.

तो अर्धवट झोपेत पडून राहिला. अंगणात कोणीतरी चालत होतं. फीत सर्रकन उलगडली. आपण शाळेत आहोत आणि कोणीतरी खेळाचं मैदान आखतंय, असं त्याला वाटलं. फार बरं वाटलं. मग बायकोचा, सरलाचा आवाज आला, तोही शाळेतलाच, बाईंचा, शुद्ध.

“साहेब, एवढ्याशा फरकानं काय होतं?”

“दीड मीटर आहे, बाई.” पंचायतीकडून तपासणीला आलेला विनीत नावाचा साहेब तरुण होता, आवाजाने मऊ. “विहिरीपासून संडासाची टाकी पंधरा मीटर हवी, इथे साडेतेरा भरतंय. त्यात जमीन रेताड. उद्या ते विहिरीत झिरपलं तर मला झोप लागायची नाही.”

सदानंद पुरता जागा झाला. खोलीला लागून नवा संडास बांधून तयार होता, टाकीच्या परवानगीसाठी अडला होता. पुढे रस्ता, डावीकडे पावसात तुंबणारा मळा. टाकीला जागा काय ती एवढीच. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून वॉकर धरून तो घरातल्या घरात दहा पावलं जाई. जुना संडास परसात, चार पायऱ्या उतरून. तिथवर सरला त्याला जवळजवळ उचलून न्यायची, साठी उलटलेली बाई. म्हणून तो पाणीच कमी प्यायचा. दिवसा घोट मोजून, संध्याकाळनंतर थेंब नाही.

“आणि विहीर वापरात नसती तर?” सरलाने विचारलं.

“मग मालकानं तसं लिहून द्यायचं, विहीर झाकायची आणि कप्पी काढलेला फोटो जोडायचा. मी आत्ता सही करतो.”

सरलाने विहिरीकडे पाहिलं. मालकीण गडग्यापलीकडेच होती. पण सदानंदने बायकोला शपथ घातली होती, वयनीकडे शब्द टाकायचा नाही. जिच्या पाण्याने तिचा देव न्हातो ती विहीर मागायची, आणि कशासाठी, तर आपल्या संडासासाठी! त्यापेक्षा चार पायऱ्या परवडल्या. हे सगळं तो काल तिन्हीसांजेला तावातावाने बोलला होता, खिडकी उघडी आहे हे विसरून.

आणि आता, साहेब अंगणात असतानाच, नेमकी कप्पी वाजली.

सदानंदचे डोळे आपोआप मिटले. तो सात वर्षांचा झाला. नवी नवरी दोर ओढतेय, आणि आपणही ओढतोय म्हणून तो दोराला नुसता लोंबकळतोय. कळशी वर येतेय, येतेय, येतच राहतेय.

बाहेर सरलाने कपाळावर हात मारून घेतला. रोज उजाडता काढते पाणी, आजच बरा साहेबासमोर मुहूर्त सापडला!

गडग्याच्या खिंडीतून आनंदीबाई आली. कमरेवर भरलेली कळशी, लुगडं एका अंगाने भिजलेलं.

“लिही रे बाबा,” ती विनीतला म्हणाली, “ह्या बावीचा पाणी मी वापरणंय नाय.”

विनीत निथळणाऱ्या कळशीकडे बघत राहिला. “आजी, मग हे?”

“ह्या शेवटचा. काढूक सकाळपासून हात धजत नाय होतो.”

“वयनी, आणि देवाक गो?” सरलाचं शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेलं.

“देव न्हायत नळाच्या पाण्यान. तेका खंय पायऱ्यो उतरूच्यो आसत?”

कागदावर तिने ठळक, गोल अक्षरात सही केली. विनीतने स्वतः विहिरीवर जाऊन कप्पी उतरवली, तोंडावर पत्रा ओढला, फोटो काढला. नंतर कप्पी कुठे ठेवावी ते त्याला कळेना. आनंदीबाईने ती त्याच्या हातातून घेतली आणि सदानंदच्या खिडकीच्या खुंटीला आणून अडकवली.

“सदा,” ती गजांतून म्हणाली, “उद्यापासून तुका उठवूक मी नाय. तुझो तू उठ.”

सदानंदने बरा हात गजांकडे नेला. आनंदीबाईने कळशी वाकडी करून खिडकीतला पेला भरला आणि गजांतून आत दिला. त्याने सवयीने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवायला गेला.

“पोटभर पी रे,” ती म्हणाली. “आता कित्याक भितंस?”

पाणी गार होतं, लहानपणी होतं तेवढंच गोड. सदानंदने पेला रिकामा केला, आणि गजांतून पुन्हा तिच्यापुढे धरला.