कापूस वेचणाऱ्या बायका

शर्वाणी सोमवारी प्रबंध सादर करणार होती. पूर्वी टेक्सासमध्ये कापूस वेचणाऱ्या मेक्सिकन बायकांनी स्वतःविषयी काहीच लिहिलं नाही, हा त्याचा गाभा. सगळं लिहून झालं होतं, तरी चैन पडेना, म्हणून लॅपटॉप घेऊन ती पुन्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आली.

"जुन्या स्पॅनिश वर्तमानपत्रांचा डेटाबेस कालच चाचणीसाठी मिळालाय. शोधून बघ," ग्रंथपाल ठोसर मॅडम म्हणाल्या.

तिने 'वेचणारी'साठीचा स्पॅनिश शब्द टाकला. पडदा लेखांनी भरला. लिहिणाऱ्या त्याच बायका होत्या. मुकादमाविषयी, पाठदुखीविषयी, शाळेने नाकारलेल्या मुलांविषयी.

"सापडलं ना? मग चेहरा का उतरला?"

"माझी चार वर्षं खोटी पडली, मॅडम."

तिने लॅपटॉप मिटला, उघडला, परत मिटला. गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. व्हरांड्यात येरझारा घालून शेवटी तिने मार्गदर्शकांना फोन लावला.

"सर, सोमवारी प्रबंध देत नाहीये. त्या बायकांनी लिहिलंय."

आता सर चिडणार, असं तिला वाटलं.

"काय लिहिलंय?" त्यांनी हळूच विचारलं.

शर्वाणीने पायरीवर बसून लॅपटॉप उघडला आणि पहिला लेख ती त्यांना मराठीत सांगू लागली.