गारा थांबल्या?

"टॉर्नेडो डोळ्यांनी पाहिलेला एक तरी माणूस दाखवा, मग खुशाल इशारा सोडा," हवामान खात्यातले साहेब तिला म्हणाले. "मागच्यासारखं परत तोंडावर पडायचं नाहीये मला. लावा की भावाला फोन!"

मुद्दाम म्हणाले. तिची दुखरी जागा त्यांना बरोबर ठाऊक होती.

रडारच्या पडद्यावर ढग गरगर फिरत होता. अशाच ढगातून टॉर्नेडो जमिनीवर उतरतो. पण त्या ढगाखालचं टेकडीपलीकडचं गाव लांब. तिथे रडारची नजर ढगाच्या वरच्या भागावरून जायची, पायथ्याशी काय चाललंय ते दिसायचंच नाही. पूर्वी तिचा धाकटा भाऊ तिथून आभाळ बघून कळवायचा. आता दोघांचं बोलणं बंद होतं.

कारणही तसंच होतं. मागे भाचीचं लग्न ठरवायला पाहुणे यायचे होते. हिने वादळाचा इशारा दिला. भावाने पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलं, आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं! पाहुण्यांना तो बहाणा वाटला. लग्न मोडलं ते मोडलंच. तेव्हापासून ऑफिसात ती दिसली की कुणीतरी 'लांडगा आला रे' म्हणायचं, आणि भाऊ फोन उचलायचा नाही.

तिने दात-ओठ खात फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"बोला, भविष्यवाल्या बाई. आज कुणाचं लग्न मोडायचंय?"

"आभाळ कसं आहे तिकडे?"

"तुझ्या यंत्राला विचार ना!"

मागे पत्र्यावर गारांचा नुसता धडाका चालला होता. पुढचं तिला धड ऐकू येईना. तो शिव्या घालतोय एवढं मात्र कळत होतं. सख्ख्या भावाच्या शिव्या ऐकू आल्या नाहीत तरी कळतात. आणि मग एकदम त्याचा आवाज स्वच्छ आला.

"...तोंड बघायची इच्छा नाही मला तुझं."

तिने झटकन पडद्याकडे पाहिलं.

"गारा थांबल्या?"

"थांबल्या. वाराही पडला. गेलं तुझं वादळ, हात हलवत!"

"अरे गाढवा, गेलं नाही, आता येतंय! गारा पुढे असतात, टॉर्नेडो मागून येतो. सगळ्यांना घेऊन तळघरात उतर. आत्ताच्या आत्ता!"

फोन कट झाला.

"काय म्हणाला?" साहेबांनी विचारलं.

"वादळ गेलं म्हणाला," ती म्हणाली आणि तिने इशारा सोडून दिला.

"नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे."

थोड्याच वेळात टेकडीपलीकडचे सगळे फोन बंद पडले. ती लावतच राहिली. तिला साहेबांचा संताप येत होता. भावाचाही येत होता. मेला एकदा उचलत का नाही? तिला रडू आवरेना.

संध्याकाळी फोन वाजला.

"तुझं ऐकून तळघरात गेलो असं जगभर सांगत सुटू नकोस," भाऊ खेकसला. "बटाटे आणायला गेलो होतो."

"घर?"

"छप्पर उडालं. भिंती आहेत."

"आणि माणसं?"

"आहेत. शेजारीपाजारीही आहेत."

"सगळे बटाटे आणायला?"

"जास्त शहाणपणा करू नकोस!"

तेवढ्यात भाचीने फोन हिसकावून घेतला.

"आत्या, बाबांचं मनावर घेऊ नकोस गं. आभाळ भरून आलं तेव्हापासून फोन मांडीवर घेऊन बसले होते. आई किती वेळा म्हणाली, आपण आधीच खाली जाऊ या. तर म्हणाले, थांब जरा, तसं काही असलं तर ताईचा फोन येईलच."