भाकरीचा आवाज

पत्र्याच्या भिंतीपलीकडे भाकऱ्या थापण्याचा आवाज सुरू झाला, तशी ऋजुताच्या पोटात आग पडली. गरिबी समजून घ्यायची म्हणून ती महिनाभर या वस्तीत राहिली होती आणि इथल्यांना परवडेल तेवढ्यातच दोन वेळचं भागवत होती. उद्या ती घरी परतणार होती. आज मात्र राहवेना. लाज सोडून ती शेजारच्या शेवंताकडे भाकरी मागायला गेली.

आत चूल थंड होती. शेवंता रिकाम्या परातीवर नुसतेच हात थापत होती. समोर तिची दोन्ही लेकरं गाढ झोपली होती आणि झोपेतच सावकाश काहीतरी चावत होती.

"आवाज ऐकला की निजत्यात," शेवंता हळूच म्हणाली.

ऋजुताने धावत जाऊन दुकानातून डबाभर पीठ आणलं. शेवंताने पिठात हात घातला, पण तो तसाच थांबला.

"ताई, उद्या हाय का तुम्ही हितं?"

ऋजुताने नकारार्थी मान हलवली.

"मग नगं. आज खरं खाल्लं, तर उद्या नुसत्या आवाजावर निजायची न्हाईत."

बोटांना लागलेलं पीठ शेवंताने जपून डब्यात झटकलं आणि डबा ऋजुताच्या हातात परत दिला.