रिकामा रकाना

"बटण. बटण. चित्र. बटण," फोन बोलला आणि गप्प झाला.

बाळाला मांडीवर सावरत तिने पुन्हा काचेवरून बोट फिरवलं. डोळ्यांना दिसत नसलं तरी सगळा फोन तिच्या बोटांना पाठ होता. पण सरकारच्या या पानावर कुठलं बटण कशाचं, हे फोनला कळेल अशी सोय कुणी केलीच नव्हती. लेकीच्या जन्मनोंदणीचा अर्ज त्या बटणांच्या गर्दीत कुठेतरी होता.

"दे इकडे, दोन मिनिटांचं काम!" नणंदेने फोन ओढलाच. काचेवर नखं टकटकली. "नाव तेच ना? मला आपलं दुसरं आवडलं होतं."

"तेच, ताई."

टकटक. "झालं. गेला अर्ज."

"वाचून दाखवता, काय लिहिलंत?"

"अगं, तेच लिहिलंय! आता माझ्यावरही विश्वास नाही का?" हसत हसत फोन उशाशी ठेवून नणंद स्वयंपाकघरात गेली.

तेवढ्यात मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला. अंधशाळेतली मैत्रीण, नदीपलीकडच्या राज्यात दिलेली. तीही नुकतीच बाळंत झाली होती.

"अगं ए, अर्ज मी भरला! मी, एकटीने! आमच्याकडे नियमच झालाय, सरकारचं प्रत्येक पान आपल्या फोनला वाचता आलंच पाहिजे. नवऱ्याला म्हटलं, तू आपला दुपटी वाळत घाल. थांब, ऐकवते." मागून फोनचा सपाट आवाज आला, "बाळाचे नाव. रिकामा रकाना. इथे लिहा."

मेसेज संपला तरी फोन तिच्या कानाशीच होता. ब्रेलच्या दर ओळीला अडखळायची ती ही! बोट धरून हिला पुढच्या अक्षरावर कोण न्यायचं? आणि आता एक नदी ओलांडली, तर बाई स्वतः लिहितेय.

अभिनंदन करायला म्हणून तिने बटण दाबून धरलं. "आमच्याकडे त्या नियमावर अजून समितीच बसलीय," एवढंच बोलली आणि सोडून दिलं.

बाळ पिता पिता झोपलं. आत भांडी वाजत होती. तिने मेसेज मागे नेला, मैत्रिणीची बडबड ओलांडून नेमक्या जागी.

"बाळाचे नाव. रिकामा रकाना. इथे लिहा."

फोन ओठांशी नेऊन तिने लेकीचं नाव सांगितलं. पुन्हा मागे नेलं, पुन्हा सांगितलं. या वेळी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.