रबरी चटईखाली

“ट्रेलर मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं, वहिनी. उलटं! किती वेळा सांगू?” फिंटन शेजारच्या सीटवरून खेकसला.

ब्रीडनं चौथ्यांदा जीप थांबवली. मागचा घोड्याचा ट्रेलर वळणावर आडवा होऊन कुंपणात घुसला होता. जीप तिची, ट्रेलर दिराचा. मंगळवारी परीक्षा होती. ट्रेलर ओढायचा परवाना हातात पडला, तर एक तारखेपासून डोंगरापलीकडच्या स्टडफार्मवर घोडे पोचवायचं काम तिला मिळणार होतं. तिपरेरी जिल्ह्यात पन्नाशीच्या बाईला दुसरं कुणी काम देत नव्हतं.

पाचव्यांदा जमलं. ट्रेलर अंगणात सरळ उभा राहिला.

“हां, आता तपासणी,” फिंटननं डॅशबोर्डवरच्या सँडविचचा कागद सोडला. “टायर, दिवे, हुक, दार, तळ. परीक्षक विचारेल, तू घडाघडा सांगायचं.”

“तळ कसा तपासायचा?”

“‘तपासला, मजबूत आहे,’ असं म्हणायचं. तो काय वाकून बघणार आहे?”

ब्रीड उतरली. मागचा रॅम्प खाली सोडून आत गेली आणि तळावरच्या जाड रबरी चटईचं एक टोक धरून तिनं ते वर ओढलं.

वासाचा भपकाराच आला. तिनं तोंड फिरवलं. कित्येक वर्षांचं घोड्यांचं मूत त्या चटईखाली मुरलं होतं. काळ्या चिखलात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. तिनं खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून फळीवर टेकवला. फारसा जोर द्यावाच लागला नाही. चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा, तसा तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा भोकातून खालची खडी दिसली.

“फिंटन, इकडे ये.”

तो आला, सँडविच खात. “टाक ती चटई खाली. वास सुटतो.”

“तुला माहीत होतं?”

“कुणाच्या ट्रेलरचा तळ नवा असतो गं? वर इंचभर रबर आहे. पंधरा वर्षं घोडे वाहतोय मी.”

“आणि घोड्याचा पाय आत गेला तर?”

“एकदा गेला होता.” त्यानं घास गिळला. “म्हाताऱ्या मॉसीची घोडी. दीड मैल पाय रस्त्यावर घासत होता, मला कळलंच नाही, रेडिओ चालू होता. मॉसीला सांगितलं, उतरताना बिथरली आणि पाय मोडून घेतला. पटलं त्याला.” त्यानं अंगठ्यावरचा सॉस चाटला.

गोळी घालावी लागली होती त्या घोडीला. मॉसी त्या संध्याकाळी ब्रीडच्याच स्वयंपाकघरात बसून रडला होता आणि फिंटननं त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता.

एवढ्यात फाटकातून इमेल्डा आत आली. रस्त्यापलीकडची शेजारीण. हातातल्या दोराला तिच्या मुलीचं करडं तट्टू होतं, शेपटीच्या वेण्या घातलेलं. मुलगी बापाबरोबर पुढं गेली होती, मेळ्याच्या मैदानावर. तट्टू ब्रीडनं पोचवायचं होतं, फिंटन शेजारी बसणार होता. तेवढाच सराव.

“देवासारखे धावून आलात गं बाई,” इमेल्डा म्हणाली. “बारा वाजता पोरीची उड्यांची स्पर्धा आहे.”

“आधी इथं बघ,” ब्रीडनं चटई आणखी उचलली.

इमेल्डानं नाकाला रुमाल लावला. वाकून भोक पाहिलं. मग घड्याळ पाहिलं.

“अकराच मैल जायचंय ना?” तिनं विचारलं. ब्रीडला नाही, फिंटनला.

“अकराच. तेही सावकाश,” फिंटन म्हणाला आणि चटई पायानं खाली दाबून तिच्यावर ताजा पेंढा पसरायला लागला.

ब्रीड बाहेर आली. ट्रेलरचा ब्रेक ओढला, पुढचं छोटं चाक खाली सोडलं, दिव्यांची वायर काढली आणि दांडा हुकावरून उचलून ट्रेलर जीपपासून सोडवला.

“हे काय चाललंय?” फिंटन रॅम्पवरून ओरडला. “आणि मंगळवारी परीक्षेला काय हातगाडी घेऊन जाणार? पुढची तारीख तीन महिन्यांनी मिळते, सांगून ठेवतो! तोवर नोकरी राहते का बघ!”

“नाही राहणार.”

ती जीपमध्ये बसली. फाटकापर्यंत पोचली तेव्हा आरशात फिंटन फोन कानाला लावताना दिसला. “अरे, तुझी जीप मोकळी आहे का? दहा मिनिटांचं काम आहे,” त्याचा आवाज अंगणभर ऐकू येत होता.

ब्रीडनं जीप फाटकात आडवी घातली. दोन्ही खांबांपाशी कुत्रं जाण्यापुरतीच जागा उरली. इंजिन बंद करून तिनं किल्ली मुठीत धरली. त्या हाताला वास येत होता. तिनं तो पँटला पुसला, पुन्हा हुंगला, पुन्हा पुसला.

इमेल्डा तट्टू ओढत धावत आली आणि काचेवर थापा मारायला लागली. “ब्रीड, असं काय करतेस! पोरगी तिकडं वाट बघतेय. वर्षभर घासलंय तिनं यासाठी. काय सांगू मी तिला?”

ब्रीडनं काच खाली केली.

“सांगू नकोस. तिला इथं घेऊन ये. चटई उचलून दाखव, आणि मग तिच्याच हातानं चढवू दे त्याला आत.”

मागं फिंटन अजून फोनवर कुणाला तरी रस्ता समजावत होता. इमेल्डाच्या हातातला दोर सैल पडला, तशी तट्टानं मान खाली घातली आणि फाटकाच्या कडेचं गवत खायला सुरुवात केली.